गस्तीवरचं ‘रिव्हेंज’
कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये हाती आल्यावर शिवरायांनी तिथल्या खाडीपट्ट्यात जहाजबांधणी सुरू केली. त्या आरमाराला खांदेरी बेटावर तट बांधू द्यायचा नाही, म्हणून १६७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी बेटाभोवती गस्त घातली. ‘रिव्हेंज’ हे त्यातलं मुख्य फ्रिगेट. मालक मात्र इंग्लंडचा राजा नव्हे, ईस्ट इंडिया कंपनी! १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराचा सरदार दौलतखान याची गलबतं चालून आली. ‘डव्ह’ गुराबेनं झेंडा उतरवला, बाकीची पळाली; ‘रिव्हेंज’ एकटंच तोफा डागत टिकलं, हे मान्य करायलाच हवं. पण वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातही शिरणाऱ्या मराठी होड्या रात्री गस्त चुकवून रसद पोचवतच राहिल्या. १६८० मध्ये इंग्रजांनी समझोता करून काढता पाय घेतला. ‘रिव्हेंज’वरून लढलेला केग्विन पुढे १६८३ मध्ये कंपनीवरच उलटला आणि मुंबई बळकावून बसला.