शेवटपर्यंत न पोहोचलेल्या पेशी

बाळंतिणीच्या वॉर्डात डॉक्टर आल्या आल्या विचारतात, "बाळाला शी झाली का?" प्रश्न साधा, पण त्यामागे केवढं शास्त्र आहे! पूर्ण दिवसांच्या जवळपास प्रत्येक निरोगी बाळाला पहिली काळी, चिकट शी 48 तासांत होते. ती झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर एक शंका येते ती हर्शस्प्रुंग आजाराची.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनी 1886 साली बर्लिनमध्ये अशा दोन बाळांची हकीकत मांडली. मोठं आतडं प्रचंड फुगलेलं, म्हणजे दोष तिथेच, असं पुढे कितीतरी वर्षं मानलं गेलं. फुगलेला भाग कापून काढला तरी दुखणं परत यायचं. खरं तर तो भाग धडधाकट होता. पुढची वाट बंद, म्हणून तो ताणला गेला होता. आजारी होता तो त्याच्या खालचा, दिसायला अगदी नेहमीसारखा तुकडा. 1948 मध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांनी तोच काढायची शस्त्रक्रिया मांडली, तेव्हा कुठे मुलं बरी होऊ लागली.

त्या तुकड्यात चेतापेशीच नसतात. आतडं हलवणाऱ्या या पेशी मुळात आतड्याच्या नव्हेतच! त्या गर्भाच्या पाठीकडून, मानेजवळून निघतात, साधारण पाचव्या आठवड्यात अन्ननलिकेकडच्या टोकाला शिरतात आणि बाराव्यापर्यंत थेट गुदाशय गाठतात. त्या चालत असताना आतडंही लांब होत असतं. त्या मध्येच थांबल्या, तर पुढचे स्नायू सैल पडायला शिकतच नाहीत.

निदान पक्कं होतं बायॉप्सीने. गुदाशयाच्या अस्तराचा काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. पॅथॉलॉजिस्ट त्याचे पातळ काप एकामागून एक तपासतो. शोधायचं काय, तर एखादी चेतापेशी. ती एकाही कापात सापडत नाही, याची खात्री होईपर्यंत त्याला थांबता येत नाही.

मग फाइल कोडिंगला जाते आणि तिच्यावर आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा कोड पडतो: क्यू 43.1. क्यू म्हणजे जन्मजात दोष. त्यात 38 ते 45 पचनसंस्थेचे. नुसतं 'फुगलेलं मोठं आतडं' लिहिलं असेल, तर तो आजार के 59.3 मध्ये, म्हणजे वेगळ्याच प्रकरणात जाऊ शकतो. म्हणून मला बायॉप्सीच्या अहवालातली 'चेतापेशी नाहीत' ही एक ओळ फार मोलाची वाटते. काहींचं निदान विशी-तिशीत होतं. तरीही कोड क्यूचाच, कारण पेशींची वाट अडली ती आईला तिसरा महिना पुरा होण्याआधीच.