रोवणीच्या दिवसांतील विश्रांति

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यांतील शेतकरी सायंकाळीं बांधींतून घरीं येतो, जेवतो व अंथरुणावर पडतो. पण झोंप येत नाहीं. मजुरांचा हिशेब, तलावाच्या पाण्याची पाळी, उरलेले पऱ्हे हींच मनांत घोळतात. जबडा व खांदे ताठलेलेच राहतात. शरीर थकलें म्हणजे तें शांत झालें असें नव्हे. सुटलेल्या बैलाला आपण घटकाभर टेकूं देतों, मग पाणी दाखवितों. स्वतःस मात्र तेवढीहि सवड देत नाहीं.

यावर शवासन हा बिनखर्चाचा उपाय आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनीं रक्तदाबाच्या ४७ रोग्यांवरील त्याचा प्रयोग १९६९ सालीं प्रसिद्ध केला. पुष्कळांचा दाब उतरला. कित्येकांचें औषधहि कमी करतां आलें.

जेवणापूर्वीं हातपाय धुऊन ओसरीवर चटईवर उताणें पडावें. पावलांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. श्वास नाकानें सावकाश सोडावा. तो सोडणें लांबलें कीं हृदयाची गति मंदावते. पंधरा मिनिटें पुरेत. रोवणाऱ्या स्त्रियांस घरीं येतांच चूल पाहावी लागते. त्यांचीं पंधरा मिनिटें घरच्या पुरुषांनीं सांभाळावीं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील त्यांनीं त्या आपल्या मतानें बंद करूं नयेत.