खळ, पट्ट्या आणि पत्रिकेतले गणपती

मे महिन्यात आमच्या सोसायटीतली पोरं चिकटवही करायला जमतात, तेव्हा पहिली अडचण असते ती त्यांच्या आयांच्या हौसेची. चमकीचे स्टिकर, नक्षीचे कागद, रंगीत टेप असा ऐवज दुकानातून येतो आणि मग पानापानावर दुकानच दिसत राहतं. ते सगळं मी आधी कपाटात ठेवते आणि प्रत्येकाला घरची रद्दी धुंडाळायला पाठवते. काडेपेट्यांची चित्रं, पोस्टाची तिकिटं, आंब्याच्या पेटीवरचं लेबल, एसटीची तिकिटं, लग्नपत्रिका.

लग्नपत्रिका म्हणजे खजिनाच. एका मुलीने नुसते गणपतीच जमवले आहेत: पिंपळपानातला, मोरपिसातला, चार रेघांत उरकलेला. "देवाच्या चित्राला कात्री लावतात का गं?" म्हणून आजीने दटावलं, तेव्हा तिने चित्राभोवती चांगली दोन बोटं जागा सोडून कापायला सुरुवात केली. आजीलाही मग काही बोलता येईना.

वही चित्रकलेची, जाड कागदाची असावी. स्पायरल असेल तर प्रश्नच नाही. शिवलेली वही मात्र चार-सहा पानं भरली की फुगते, आ वासते आणि शेवटी पाठीतून उसवते. त्यावरचा इलाज सोपा आहे. दर दोन पानांनंतरचं एक पान कापून टाकायचं, पण शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवायची. त्या पट्टीने पाठीत जाडी भरून निघते. पान मुळापासून फाडलं, तर शिवणीपलीकडचं त्याचं जोडपान सुटून हातात येतं.

चिकटवायला आम्ही खळच करतो. चमचाभर मैदा, पाच-सहा चमचे पाणी, गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर तकाकी येईपर्यंत ढवळत राहायचं. कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खळीत नको. त्यामुळे खळ रोज लागेल तेवढीच करायची, कारण दुसऱ्या दिवशी ती आंबते. (मार्क ट्वेनने १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पान नुसतं ओलं करायचं की झालं. पण खळीत हात घालायची मजा त्यात कुठली!)

खळ लावताना मुलांचे हात बघण्यासारखे असतात. तिसरीतला एक जण बोटावर मोठा गोळा घेतो, कात्रणाच्या मध्यावर थापतो आणि तसाच दाबतो. खळ चारी बाजूंनी बाहेर येते, कागद पाणी पितो आणि सुरकुततो. शेजारची पाचवीतली मुलगी त्याचा हात धरते, कात्रण रद्दीवर उलटं ठेवायला लावते, मधून कडेकडे पातळ पुसत नेते आणि कडा रद्दीवर उतरेपर्यंत थांबत नाही. मग कात्रण उचलून पानावर ठेवायचं, वर बटर पेपर घालायचा आणि रात्रभर वजनाखाली. हे त्याला माझ्याकडून कधी पटलं नसतं.

एसटीच्या तिकिटाला मात्र खळ लावायची नाही. यंत्रातून येणाऱ्या या तिकिटाच्या कागदावर शाई नसतेच, अक्षरं उष्णतेने उमटतात, आणि ऊन, गोंद किंवा प्लॅस्टिकचं पाकीट लागलं की उडून जातात. त्याची झेरॉक्स काढून ती डकवावी. फोटोही चिकटवू नयेत. जुन्या पाकिटाचे कोपरे तिरके कापले की आयते खिसे मिळतात, त्यांत फोटोची टोकं अडकवायची. पानफुलांनाही गोंद नको. बहाव्याची पाकळी किंवा आपट्याचं पान वर्तमानपत्रात दाबायचं, कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. पूर्ण वाळलं की कागदाच्या बारीक पट्ट्यांनी बांधल्यासारखं बसवायचं. वनस्पतिसंग्रहालयांतही नमुने पट्ट्यांनी किंवा टाक्यांनी असेच बसवलेले दिसतात, आणि शेजारी चिठ्ठी असते: काय, कुठे मिळालं, कधी, कोणी आणलं.

या चिठ्ठीवर मी हटून बसते. बाकी पान कितीही वाकडं असो. "छान सहल" असलं काही चालत नाही. एकाने लिहिलं, "हे तिकिट आजोबा चुरगळत होते. मी ओढून घेतलं. महाड ते पोलादपूर." तिकीटमधला की त्याने ऱ्हस्व काढला होता. आईने खोडरबर काढलं, ते मी परत ठेवायला लावलं.

परवा वाद झाला तो पडलेल्या दातावरून. "काकू, दात चिकटवू?" फुगवटा येईल, वही मिटणार नाही, असं बाकीच्यांनी ठणकावलं, आजीला तो कौलावर फेकायचा होता आणि इमारतीला कौलंच नाहीत. शेवटी दात पानावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढली, खाली तारीख आणि "वरचा, डावीकडचा" असं लिहिलं, आणि दात आजीच्या ताब्यात दिला.