कुंडींतील जिवंत माती

कुंडींतील रोप कोमेजलें कीं आणखी पाणी घालण्याकडे मनाचा कल होतो. परंतु पुष्कळदां मेलेली असते ती माती. शेतांत गांडुळें व सूक्ष्मजीव भोंवतालच्या जमिनींतून येत राहतात. कुंडीला ती वाट बंद असते. इंदूरच्या प्रयोगांवरून अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं ग्रंथरूपानें मांडलेली रीत येथें उपयोगी पडते. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर रचून ते अधूनमधून वरखालीं केले कीं सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. त्याचा एक भाग मातीच्या दोन भागांत मिसळावा, वर पाला पसरावा. सूक्ष्मजीव तो कुजवून नत्रादि द्रव्यें मुळांस पुरवितात. अति पाण्यानें मात्र तेच गुदमरतात. त्यांना जगविलें म्हणजे रोप आपोआप जगतें.