व्रण भरला, रोग उरला : गुप्तरोग आणि वैद्यांचे कर्तव्य

गुप्तरोगाचा रुग्ण आपल्या रोगाचे नाव घेऊन वैद्याकडे क्वचितच येतो. 'अशक्तपणा वाटतो', 'धातू जाते', 'लघवीला आग होते' अशा शब्दांच्या आडून तो आपली भीती सांगत असतो. स्त्री रुग्ण तर 'अंगावर पांढरे जाते' एवढेच सांगून मान खाली घालते. औषधालयात आलेला तरुण दुकान रिकामे होईपर्यंत थांबतो आणि हळू आवाजात 'यावर काहीतरी द्या' म्हणतो. मोठ्या रुग्णालयातील रांगेपेक्षा आणि ओळखीच्यांच्या नजरेपेक्षा वैद्याची खोली त्याला अधिक सुरक्षित वाटते. हा विश्वास आपल्या व्यवसायाचे भूषण आहे. तथापि त्या विश्वासाबरोबर येणारी जबाबदारी आपण पुरती उचलतो काय, याचा विचार समस्त वैद्यवर्गाने करावा, या हेतूने आम्ही हा विषय मांडीत आहोत.

शास्त्रपरंपरेची साक्ष

हा विषय आयुर्वेदास परका नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात उपदंशाचे पाच प्रकार वर्णिले. कुष्ठनिदानात औपसर्गिक रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात हे सांगताना मैथुनसंबंधाचाही निर्देश त्यांनी केला. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्रांनी भावप्रकाशात 'फिरंग' या रोगाचे वर्णन केले. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर या भूमीत दिसू लागलेला हा रोग जुन्या संहितांत नव्हता. भावमिश्रांनी तो जुन्या नावाखाली ढकलला नाही. त्यास नवे नाव दिले, बाह्य, आभ्यंतर आणि बहिरन्तर्भव असे त्याचे भेद सांगितले आणि रसकर्पूर, चोपचिनी यांसारखी त्या काळी उपलब्ध असलेली औषधे योजिली. नवा रोग दिसताच नवे ज्ञान स्वीकारणे, ही आपल्या परंपरेची रीतच आहे.

फिरंग म्हणजे आजच्या भाषेत सिफिलिस. युरोपातही शतकानुशतके त्यावर पाराच दिला जात असे. १९४३ साली पेनिसिलीनने हा रोग बरा होतो हे सिद्ध झाले आणि चिकित्सेचे चित्र पालटले. प्रारंभिक अवस्थेतील सिफिलिस आजही बेंझाथिन पेनिसिलीनच्या चोवीस लक्ष युनिटच्या एका मात्रेने बरा होतो. अशा स्थितीत पारदकल्पाच्या भरवशावर रुग्णास थांबवून ठेवणे शास्त्रसंमत नाही आणि भावमिश्रांच्या वृत्तीसही धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लक्षण शमले म्हणजे रोग गेला नव्हे

या रोगाचा सर्वांत फसवा गुण आपण नीट ध्यानी घ्यावा. संसर्गानंतर साधारणतः तीन आठवड्यांनी, क्वचित दहा दिवसांनी तर क्वचित नव्वद दिवसांनी, जननेंद्रियावर व्रण उठतो. तो बहुधा वेदनारहित असतो आणि कोणतेही औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. या काळात रुग्णाने जो लेप लावला असेल, जे चूर्ण घेतले असेल, त्यालाच गुण आल्याचे श्रेय मिळते. रुग्ण समाधानी, वैद्यही समाधानी. रोग मात्र शरीरात तसाच असतो. काही काळाने तळहात-तळपायांवर पुरळ उठते, तेही मावळते. नंतर वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही आणि शेवटी हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, मज्जासंस्था यांवर घाला पडतो.

याची खरी किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कोणास मोजावी लागते. पतीचा व्रण भरलेला असतो आणि काही महिन्यांनी गर्भवती पत्नीस मृत बालक होते, किंवा जन्मलेले बालक जन्मजात फिरंग घेऊन येते. गर्भारपणाच्या आरंभीच रक्ताची व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणी करून वेळेवर पेनिसिलीन दिल्यास हा अनर्थ बहुतांशी टळतो. म्हणून आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक गर्भिणीची ही चाचणी झाली आहे की नाही, हे विचारण्याचा नेम ठेवावा.

पूयमेहाची, म्हणजे गोनोरियाची, आणि क्लॅमिडियाची गोष्टही निराळी नाही. पुरुषास दाह व स्राव होतो म्हणून तो औषध शोधतो. स्त्रीस अनेकदा कोणतेच लक्षण जाणवत नाही. संसर्ग गर्भाशय व बीजवाहिन्यांपर्यंत चढतो आणि पुढे वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा पदरी येते. वंध्यत्वासाठी दांपत्य समोर बसले असता दोघांचाही पूर्वेतिहास एकांतात विचारणे यासाठीच अगत्याचे आहे. जननेंद्रियावरील कोणताही व्रण एचआयव्हीच्या संसर्गास वाट मोकळी करून देतो, हेही विसरता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दररोज दहा लक्षांहून अधिक व्यक्तींना बरे होऊ शकणारे लैंगिक संसर्ग जडतात आणि त्यांतील बहुतेकांत लक्षणे नसतात. केवळ लक्षणांवर विसंबणारी चिकित्सा येथे तोकडी पडते, ती यामुळेच.

वैद्यांनी काय करावे

प्रथम, प्रश्न विचारावा. दार लावून, नातलगांस बाहेर बसवून, आवाजात कोणताही निवाडा न आणता विचारावा. रुग्ण विवाहित आहे, वयस्क आहे, प्रतिष्ठित आहे म्हणून प्रश्न गाळू नये.

दुसरे, चाचणीस पाठवावे. शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक' या केंद्रांत लैंगिक संसर्गांची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. एचआयव्हीची चाचणी समुपदेशनासह होते. संसर्ग नुकताच झाला असल्यास पहिली चाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणून तीन महिन्यांनी ती पुन्हा करण्यास सांगावे. धोक्याचा संबंध येऊन बहात्तर तास उलटले नसतील, तर प्रतिबंधक औषधांसाठी रुग्णास त्वरित शासकीय रुग्णालयात धाडावे. शंका विचारण्यास १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

तिसरे, जोडीदाराची चिकित्सा झाल्यावाचून चिकित्सा पूर्ण झाली असे मानू नये. एकासच औषध दिल्यास संसर्ग पुन्हा फिरून येतो.

चौथे, गुप्तता पाळावी. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून चाचणी करणे व त्याची स्थिती उघड करणे यांस बंधन घातले आहे. कायदा नसता तरी वैद्यधर्म हेच सांगतो.

औषधालय चालकांसाठी

निरोध काउंटरवर सहज दिसेल असा ठेवावा. तो मागताना ग्राहकास ओशाळवाणे वाटू नये. पाकिटावरील मुदत पाहावी आणि उन्हात, उष्ण जागी साठा ठेवू नये.

एक गोष्ट आपल्या औषधालयांशी विशेष निगडित आहे. लॅटेक्सचा निरोध तेलाच्या संपर्काने काही मिनिटांतच दुर्बल होतो व फाटू शकतो. खोबरेल, तूप, तिळतेलात सिद्ध केलेली बाह्योपचाराची तैले, या सर्वांस हे लागू आहे. असे तैल विकताना 'निरोधासोबत वापरू नये' एवढे एक वाक्य आवर्जून सांगावे. निरोधासोबत पाण्याचा अंश असलेले किंवा सिलिकॉनचे वंगणच योग्य होय. निरोधाने झाकल्या न जाणाऱ्या त्वचेतून नागीण, फिरंग, मस्से यांचा संसर्ग होऊ शकतो, हेही प्रांजळपणे सांगावे. तरीही संबंधाच्या वेळी त्याहून सुलभ रक्षण आज दुसरे नाही. हिपॅटायटिस-बी आणि एचपीव्ही यांवर लसी उपलब्ध आहेत. एचपीव्हीची भारतीय लस तर २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेच बाजारात आणली.

आणखी एक विनंती. १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्यान्वये गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींस बंदी आहे, आणि एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधास करता येत नाही. अशी पत्रके भिंतीवर असतील तर ती उतरवावीत. एचआयव्हीवरील औषधे २००४ पासून शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळत आहेत. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत दिसेनासे झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. ही औषधे सोडून आपले औषध घेण्यास सांगणारा वैद्य रुग्णाचा घात करतो.

समारोप

महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे बोलण्याचे धैर्य र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून दाखविले आणि १९५३ पर्यंत खटले, उपहास व आर्थिक ओढाताण सोसून ते चालविले. आपणास तेवढा त्याग करावयाचा नाही. खोलीचे दार लावून चार प्रश्न विचारायचे, एक चिठ्ठी लिहून द्यायची आणि रुग्ण चाचणी करून आला की नाही याची पुढच्या भेटीत आठवण ठेवायची, एवढेच आहे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण विद्यार्थिदशेत शिकलो. ते या रोगांच्या बाबतीत आपल्या चिकित्सालयांत आचरले जावे, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधालय चालकांस आमची आग्रहाची विनंती आहे.