खोडकिड्याला अंड्यातच गाठणारी

पावसाळा सरताना पनवेलजवळची भातशेते पाहा. हिरव्या लोंब्यांत मधूनच एखादी पांढरीफटक, पोचट दिसेल. ही ‘पळींज’ म्हणजे खोडकिड्याच्या अळीची करणी. अळी एकदा खोडात शिरली, की औषध तिच्यापर्यंत पोचणे कठीण. मग तिला अंड्यातच का गाठू नये?

ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीची चिमुकली नातलग नेमके हेच करते. लांबी १ मिलिमीटरहूनही कमी! खोडकिड्याच्या पतंगाच्या अंड्यात ती आपले अंडे घालते. तिची अळी आतला बलक फस्त करते, अंडे काळे पडते आणि ८-१० दिवसांनी त्यातून नवी ट्रायकोग्रामा बाहेर येते.

प्रयोगशाळेत तिने अंडी घातलेली दुसऱ्या पतंगाची अंडी कागदावर चिकटवतात. या ‘ट्रायकोकार्डा’चे तुकडे शेतात पानांखाली टाचतात. त्या दिवसांत कीटकनाशक मात्र फवारू नये. ते या मित्रालाही मारते.