घरगुती ध्वनिवर्धकासाठीं व्हॉल्व्हची निवड

पांचगणीस आषाढाची झड लागली म्हणजे टेबललँडवरचें धुकें पार बाजारापर्यंत उतरतें आणि माणसें घराबाहेर पडेनाशीं होतात. अशा दिवसांत कोठें कोठें माळ्यावरच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या खालीं येतात, आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नहि येतो. त्या वाजविण्यासाठीं लहानसा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक घरीं जुळवावयाचा, तर त्यांत व्हॉल्व्ह कोणता घालावा? ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालीं लागला व पुढें त्यानें व्हॉल्व्हला घराघरांतून हद्दपार केलें हें खरें. तथापि स्लोव्हाकिया, रशिया व चीन या देशांत व्हॉल्व्ह अद्यापि तयार होतात, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें एके काळीं बनविलेला जुना मालहि शोधणारास क्वचित् सांपडतो. तेव्हां प्रश्न अगदींच हौसेचा नाहीं.

व्हॉल्व्हचें काम समजण्यास शेताच्या पाटाचें उदाहरण पुरे आहे. पाटांतील पाण्याचा जोर मोठा असतो, पण पाटकरी एका फळीच्या उघडझांपीनें तो आटोक्यांत ठेवतो. निर्वात कांचेच्या नळींत तापलेल्या कॅथोडपासून प्लेटकडे विद्युत्कण वाहतात. मध्यें जी बारीक तारेची जाळी असते तीच ही फळी. ही जाळी १९०६ च्या सुमारास अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें घातली. तबकडीच्या सुईपासून येणारा दुबळा विद्युद्दाब जाळीस दिला कीं प्लेटचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो.

आतां शक्तीचा विचार. येथेंच बहुतेकांची फसगत होते. ३ वॅटचा ध्वनिवर्धक सोडून ६ वॅटचा घेतला तर आवाज दुप्पट होईल असें वाटतें. प्रत्यक्षांत फरक अवघा ३ डेसिबलचा पडतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यास शक्ति सुमारें दसपट लागते. उलट, एका वॅटला ८५ डेसिबल देणारा कर्णा काढून ९५ डेसिबल देणारा बसविला, तर तेंच दसपटीचें काम व्हॉल्व्हला हात न लावतां होतें. म्हणून आधीं कर्णा, मग व्हॉल्व्ह. बंगल्याच्या साधारण दिवाणखान्यास, कर्णा चांगला असेल तर, ३ ते ५ वॅट शक्ति भरपूर झाली.

एवढी शक्ति देणारे तीन व्हॉल्व्ह सर्वपरिचित आहेत. १९३६ सालचा ६व्ही६ हा २५० व्होल्टवर सुमारें ४.५ वॅट देतो व त्याच्या तंतूस ०.४५ अँपिअर पुरतात. १९५३ च्या सुमारास आलेला ईएल८४ तेवढ्याच दाबावर ५.७ वॅटपर्यंत जातो. त्याच्या जाळीस ६व्ही६ च्या जवळजवळ निम्माच संकेत पुरतो, ही त्याची मोठी सोय. मात्र तंतूस ०.७६ अँपिअर लागतात. तिसरा ईसीएल८२. यांत ट्रायोड व पेंटोड एकाच कांचेंत असल्यामुळें एका बाजूस एकच व्हॉल्व्ह पुरतो. शक्ति साडेतीन वॅटच्या आसपास. पहिल्यानेंच हातांत डाग देण्याची कावी घेणारानें ईसीएल८२ पासून आरंभ करावा. ईएल८४ घेतल्यास त्यापुढें १०० गुणकाचा ईसीसी८३ घालतात. ३००बी या नांवाचा दबदबा फार. पण जुन्या तबकड्यांसाठीं तो घेणें म्हणजे दारीं हत्ती बांधणें होय.

ट्रायोडचा आवाज गोड असें म्हणतात, त्यांत तथ्य किती? मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडली तर षड्जाबरोबर त्याचा वरचा षड्ज आणि त्याच्यावरचा पंचमहि उमटतो. एकेरी ट्रायोडमध्यें जी विकृति होते ती मुख्यत्वें दुपटीच्या कंपनांची, म्हणजे वरच्या षड्जाची. तो स्वरांत मिसळून जातो आणि कानास खुपत नाहीं. पेंटोडमध्यें तिपटीची व त्यावरचीं कंपनें अधिक असतात. तीं ऋणप्रतिपोषणानें, म्हणजे निर्गमाचा कांहीं अंश उलट करून मागें आणल्यानें, दबतात. पण विकृति गोड झाली तरी विकृतीच. गायक, सारंगी आणि पेटी एकदम वाजूं लागलीं कीं त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांतून रागांत नसलेले स्वर निर्माण होतात. तेव्हां गोडवा कसला आणि काय!

खरा पैसा निर्गम-ट्रान्सफॉर्मरवर खर्च करावा. एकेरी व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह त्यांतून अखंड वाहतो, म्हणून त्याच्या गाभ्यांत हवेची फट ठेवलेली असली पाहिजे. जोडव्हॉल्व्हांचा बिनफटीचा ट्रान्सफॉर्मर स्वस्तांत मिळाला म्हणून बसविला, तर गाभा संपृक्त होऊन तबल्याचा डग्गा नाहींसाच होतो.

डोंगरांतील वीज कमीजास्त होते, तीहि निवडींत धरावी. २३० व्होल्टचे २५० झाले कीं ६.३ व्होल्टचा तंतू ६.८५ वर चढतो. ईएल८४ ला २५० व्होल्ट व ४८ मिलिअँपिअर दिले म्हणजे प्लेटची १२ वॅटची मर्यादा आधींच गांठलेली असते. म्हणून त्यास ९-१० वॅटवरच चालवावें. शक्ति थोडी घटेल, पण व्हॉल्व्ह अधिक टिकेल. जुना व्हॉल्व्ह घेतांना कांचेच्या आंतील रुपेरी डाग पाहावा. तो पांढरा पडला असेल तर आंत हवा शिरली आहे.

पेटी उघडण्यापूर्वीं वीज तोडावी हें सर्व जाणतात, परंतु कपॅसिटरमध्यें २५०-३०० व्होल्टचा भार वीज तोडल्यावरहि राहूं शकतो आणि तो जिवावर बेततो. सुमारें दहा हजार ओहमचा, चांगल्या वॅटचा रोधक आवरणाच्या चिमट्यांनीं जोडून भार उतरवावा, मग मीटरनें शून्य पाहावें, आणि नंतरच हात घालावा. पावसाळाभर बंद राहिलेलें यंत्र तर एकदम विजेस लावूंच नये. ओल ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत शिरलेली असते. आधीं कोरड्या दिवसांत तें उघडें ठेवावें, व प्रथम विजेच्या वाटेंत ६० वॅटचा तंतूचा दिवा घालून पाहावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर बहुधा ठीक. तो तसाच लखलखत राहिला तर बटण बंद करावें.